न जुळणाऱ्या हालचालींचे शिक्षण : प्रस्तावना

चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन मुले बहुधा अशी असतातच, की बुद्धी तल्लख, दृष्टी निर्दोष, अवयव धडधाकट आणि घरची माणसे जागरूक असूनही सदऱ्याची बटणे लावताना, कर्कटक फिरवताना, जिना उतरताना किंवा पंगतीत पाण्याचे भांडे पुढे करताना त्यांचा देह त्यांच्या इच्छेला साथ देत नाही. अशा मुलाविषयी वर्गशिक्षक प्रगतिपुस्तकात 'अक्षर सुधारावे' असा शेरा मारतात, कवायतीचे मास्तर 'अंग चोरतो' अशी फिर्याद मुख्याध्यापकांकडे नेतात, आणि घरी आजी 'पोर धांदरट आहे, बापावर गेलंय' असे म्हणून मामला मिटवून टाकते. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, हे मात्र तिघांपैकी कोणाच्याही ध्यानी येत नाही, कारण तिघे कधी एका जागी बसून त्या मुलाविषयी बोलतच नाहीत. प्रस्तुत पुस्तक त्या तिघांसाठी आहे. शिक्षकांना व पालकांना करून पाहता येतील असे पाठ त्यात दिले आहेत. ते का दिले, ज्या पाठांची वाचकाला अपेक्षा असेल त्यांतले पुष्कळसे का गाळले, आणि व्यायाम व कौशल्यशिक्षण यांची जी गल्लत आपल्याकडे सर्रास होते तिने या मुलांचे काय नुकसान होते, याचा खुलासा करण्यासाठी ही प्रस्तावना अंमळ विस्ताराने लिहीत आहे.

वैद्यकाला ही मुले ठाऊक नव्हती असे नाही. सॅम्युएल ऑर्टन या अमेरिकन तज्ज्ञाने १९३७ साली मुलांच्या वाचन-लेखनाच्या अडचणींचा विचार करताना अशा अस्वाभाविक अवघडलेपणाची स्वतंत्र नोंद केली होती. १९६२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने या मुलांवर संपादकीय लिहिले, आणि १९७५ साली ऑस्ट्रेलियातील मज्जाविकारतज्ज्ञ गबे यांनी त्यांच्यावर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. दरम्यान प्रत्येक देशाने आणि प्रत्येक शास्त्राने आपापले नाव बहाल केल्यामुळे एकाच मुलाच्या दफ्तरात तीन तऱ्हेचे दाखले जमू लागले. अखेर १९९४ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या लंडन या गावी तज्ज्ञांची परिषद भरली आणि 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर', म्हणजे विकासात्मक समन्वय विकार, हे नाव वापरावे असे ठरले. वय आणि मिळालेली संधी ध्यानात घेता हालचालींचे कौशल्य बरेच कमी असणे, त्या उणिवेचा रोजच्या व्यवहारावर आणि अभ्यासावर परिणाम होणे, तिची सुरुवात बालपणीच झालेली असणे आणि मतिमंदत्व, दृष्टिदोष किंवा मज्जासंस्थेचा एखादा ज्ञात आजार यांनी तिचा उलगडा न होणे, अशा चार कसोट्यांवर तिचा निर्णय करतात. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शेकडा ५ ते ६ मानले जाते, मुलींपेक्षा मुलांत ते अधिक आढळते, आणि मुलांच्या वाढीचा वेग मुळातच कमीअधिक असल्यामुळे पाच वर्षांच्या आत सहसा निदान करू नये, असा संकेत आहे. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराला वेगळे कलम नाही; तथापि विशिष्ट अध्ययन-अक्षमतेच्या व्याख्येत 'डिस्प्रॅक्सिया' हा शब्द नमूद आहे, आणि कचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्या पालकाला तेवढा आधार पुष्कळ वेळा उपयोगी पडतो.

नाव मिळाले म्हणजे कारण कळले असे होत नाही. या मुलांचे स्नायू दुबळे नसतात, निदान मूळ दोष तेथे नसतो. दोष आहे तो हालचालीच्या पूर्वानुमानात, असे मानणाऱ्या तज्ज्ञांचा पक्ष आज बलवत्तर आहे. हे अनुमान म्हणजे काय, ते पाहण्यासाठी दोरीवरच्या उड्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. ज्या मुलीला उड्या येतात, तिच्याकडे निरखून पाहिले तर असे दिसते, की दोरी अजून डोक्यावर असतानाच तिचे गुडघे वाकू लागतात, टाचा सुटतात, आणि दोरी पायाशी येते तेव्हा ती आधीच अधांतरी असते. दोरी केव्हा येईल याचे गणित तिच्या मेंदूने दोरी येण्यापूर्वीच केलेले असते. जिला उड्या येत नाहीत ती दोरी पायाशी आलेली पाहते आणि मग उडी मारते. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने हुकूम सोडला आणि पायांनी तो पाळला, या व्यवहारात सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा खर्ची पडतो, आणि तेवढ्या अवधीत दोरी घोट्यावर बसलेली असते. दुसऱ्या खेपेस ती सावध होते, म्हणजे दोन्ही खांदे आखडून घेते, मनगटाऐवजी अख्खा हात फिरवू लागते, त्यामुळे दोरीची कमान मोडते आणि ती पायांत गुंतते. बाजूला उभ्या असलेल्या बाई म्हणतात, "पायांकडे लक्ष दे." ती तर पायांकडेच डोळे लावून बसलेली असते, अडचण नेमकी तीच असते.

हालचाल चालू असताना लक्ष कोठे असावे, याविषयी गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग विचार करण्याजोगा आहे. बर्फावर घसरण्याचा सराव करून देणाऱ्या एका यंत्रावर लोकांना उभे करून काहींना आपल्या पायांकडे आणि काहींना पायांखालच्या चाकांकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा चाकांकडे लक्ष देणाऱ्यांची प्रगती सरस ठरली. धडधाकट प्रौढांवरचा हा प्रयोग आपल्या मुलांना जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे होईल. परंतु दोरी शिकवताना 'पाय उचल' असे सांगण्याऐवजी दोन मोठ्या माणसांनी दोरी फिरवावी, मुलीने आरंभी उडी मारूच नये, दोरी जमिनीवर आपटल्याचा आवाज ऐकून नुसती टाळी वाजवावी, मग आवाजाच्या किंचित आधी टाळी वाजवून पाहावी, आणि टाळी जमली म्हणजेच टाळीच्या जागी उडी घालावी, हा क्रम मी या पुस्तकात दिला आहे तो या दृष्टीनेच. हात, मनगट, दोरी आणि उडी या चार गोष्टी एकदम जुळवण्याचा बोजा उतरवून त्यांतल्या एकीचाच, म्हणजे वेळेच्या अंदाजाचा, अभ्यास त्यात होतो. दोरी स्वतःच्या हातात घेण्याची पाळी पुष्कळ नंतर येते.

येथे ओघाने निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाची आठवण काढणे प्राप्त आहे, कारण हालचालींच्या शिक्षणाविषयी गेल्या शतकात जो विचार झाला त्याचे पुष्कळसे देणे त्यांचे आहे. मॉस्कोच्या मध्यवर्ती श्रमसंस्थेत १९२० च्या दशकात काम करीत असताना त्यांनी घणाचे घाव घालणाऱ्या कसबी लोहारांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. अनेक वर्षांच्या सरावाने लोहाराचा हात प्रत्येक वेळी एकाच रेषेने जात असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात दिसले ते निराळेच. घण दर वेळी नेमक्या जागी पडत होता, परंतु खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग मात्र घावागणिक बदलत होते. एका सांध्याची कमीजास्ती दुसरा सांधा भरून काढीत होता. कसब म्हणजे एकच हालचाल घोटून पाठ करणे नव्हे, तर तोच प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवणे होय, असा सिद्धांत बर्नस्टाइन यांनी त्यावरून मांडला, आणि माझ्या मते कवायतीच्या मास्तरांना शिकवण्यासारखा याहून महत्त्वाचा सिद्धांत दुसरा नाही.

त्याचे प्रत्यंतर १९७८ साली कर आणि बूथ यांनी मुलांवर केलेल्या एका साध्या प्रयोगात येते. आठ वर्षांच्या मुलांना त्यांनी जमिनीवरच्या खुणेवर छोट्या पिशव्या फेकायला लावल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरच्या खुणेवर सराव केला, दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरच्या. परीक्षा मात्र दोघांचीही तीन फुटांवर घेतली. ज्यांनी तीन फुटांवर एकदाही सराव केला नव्हता त्यांनी, केवळ तेवढाच सराव केलेल्यांना मागे टाकले. आपल्या शाळांच्या पटांगणात मात्र शंभर मुलांचे हात शिटीच्या एकाच आवाजावर एकाच कोनात वर जावेत हा अजूनही शिस्तीचा आदर्श मानला जातो. त्या कवायतीला तिची जागा आहे, पाहुण्यांसमोर ती शोभून दिसते. पण ज्याला चेंडूचा अंदाज येत नाही त्याला ती काडीइतकेही शिकवीत नाही.

व्यायामाच्या बाबतीत महाराष्ट्र दरिद्री नाही. पेशव्यांच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिले, अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा जो पाया घातला, दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' जो सिद्ध केला, तो सगळा वारसा अभिमान बाळगावा असाच आहे, आणि ज्ञानकोशाचे खंड चाळताना आपल्या देशी खेळांचा तपशील इतक्या आस्थेने कोणी नोंदवला असेल याचे आजही नवल वाटते. परंतु या परंपरेचा रोख बलोपासनेवर होता. तालमीत येणारा मुलगा शरीर कमवण्याच्या हौसेने येई, ज्याला जमत नसे तो चार दिवसांत येईनासा होई, आणि त्याची गैरहजेरी कोणत्याच हजेरीपटात नोंदवली जात नसे. त्यामुळे 'रोज बारा सूर्यनमस्कार घाल, आपोआप सगळे सुरळीत होईल' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, आणि तो ज्यांच्या बाबतीत फसला त्यांची कैफियत कोणी ऐकली नाही. सूर्यनमस्काराने छाती भरेल, पाठीचा कणा लवचिक होईल, दम वाढेल. बुटाची नाडी बांधता येणार नाही. नाडी बांधायला नाडीच बांधून शिकावी लागते.

हे विधान वाटते तितके सोपे नाही, कारण त्याभोवती उपचारकांत बराच मोठा वाद होऊन गेला आहे. १९७० च्या सुमारास जीन एअर्स या अमेरिकन विदुषीने स्पर्श, तोल आणि स्नायूंची जाणीव यांचे मेंदूत नीट एकीकरण होत नाही म्हणून कौशल्ये खुंटतात, असा सिद्धांत मांडला. ते एकीकरण साधले की कौशल्ये मागोमाग येतील या आशेने झोपाळे, फिरत्या फळ्या आणि ब्रश यांचे उपचार जगभर रूढ झाले, आणि आपल्या शहरांतल्या उपचारकेंद्रांतही ते भारी फी घेऊन चालतात. दुसरा पक्ष म्हणतो, की पाया आधी रचू आणि इमारत मागून बांधू हा हिशेब शरीराला लागू पडत नाही. मुलाला जे काम करायचे आहे तेच काम, त्याला झेपेल अशा बेताने, त्याच्याकडून करवून घ्यावे. हॉलंडमध्ये या विचारावर एक पद्धती उभी राहिली. कॅनडात हेलेन पोलातायको आणि अँजेला मँडिच यांनी दुसरी उभारली, जिचे सूत्र ध्येय, योजना, कृती आणि पडताळा या चार शब्दांत सांगता येते. २०१२ साली युरोपात तयार झालेल्या आणि २०१९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक शिफारशींनी कौल दिला तो या दुसऱ्या पक्षाला. मीही त्याच पक्षाचा आहे. पण २०१७ च्या कोक्रेन आढाव्याने या बाजूचा पुरावादेखील दर्जाने दुर्बळ ठरवला आहे, ही गोष्ट वाचकापासून लपवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. दुबळा पुरावा आणि नसलेला पुरावा यांत अंतर आहे, आणि झोपाळ्यावर वर्षभर घालवूनही बटण न लावता येणाऱ्या मुलाच्या बापाला हे अंतर समजावून सांगावे लागत नाही.

कॅनडाच्या पद्धतीतील मला सर्वांत पटलेला भाग असा, की तीत ध्येय मूल ठरवते आणि उपायही शक्यतो त्यालाच शोधू देतात. नाडीचाच पाठ घ्या. शिकवणाऱ्या बाई फास करून दाखवीत नाहीत, विचारतात, "कुठं अडलं?" मुलगा म्हणतो, "दुसरा फास धरायला गेलो की पहिला सुटतो." "मग पहिल्याचं काय करता येईल?" मुलगा बुटाकडे पाहत बसतो, बाई थांबतात, आणि हे थांबणे हाच या पाठातला अवघड भाग असतो, कारण कोणत्याही शिक्षकाचा हात अशा वेळी आपोआप पुढे जातो. "अंगठ्यानं दाबून धरू?" "धरून बघ." जमले तर पुढे, न जमल्यास पुन्हा विचार. याच मुलाने दुसऱ्या दिवशी खाऊच्या पिशवीचे तोंड बांधताना कोणी न सांगता अंगठा दाबून धरला, तर नाडीपेक्षा मोठी गोष्ट त्याच्या हाती लागली असे समजावे. माँटेसरीबाईंच्या साधनांत बटणांच्या आणि नाड्यांच्या चौकटी होत्याच, आणि ताराबाई मोडकांच्या कार्यामुळे ती दृष्टी महाराष्ट्रातील बालशिक्षणात रुजली. त्या चौकटींचा उपयोग या पुस्तकात केला आहे, पण एका सुधारणेसह: मेजावरच्या चौकटीतले बटण डोळ्यांसमोर असते, आणि अंगातल्या सदऱ्याचे वरचे बटण हनुवटीखाली असते व ते दिसतच नाही, म्हणून चौकट फार तर दोन दिवस, आणि मग अंगातला सदरा, खालच्या बटणापासून वरपर्यंत.

देवनागरी अक्षराविषयीही दोन शब्द लिहिणे जरूर आहे. प्रत्येक अक्षरासाठी उभी रेघ, वळण, मात्रा, वेलांटी आणि शेवटी शिरोरेघ एवढ्या वेळा पेन्सिल उचलून टेकवावी लागते, आणि ज्याला टेकवण्याच्या जागेचा अंदाज येत नाही त्याचा 'क्ष' किंवा 'ज्ञ' म्हणजे रेघांची झटापट होऊन बसते. अशा मुलाचे सारे अवधान अक्षर काढण्यात खर्ची पडते आणि काय लिहायचे होते ते विसरून जाते. उत्तर तोंडी विचारले तर अव्वल, लेखी विचारले तर नापास. दहा पाने शुद्धलेखन काढण्याची ताकीद देणे म्हणजे चुकीच्या हालचालीचा दहा पाने सराव घडवणे होय. त्याऐवजी रोज दहा मिनिटे, दोनच अक्षरे, कधी फळ्यावर खडूने, कधी चौकटीच्या वहीत, कधी वाळूत, आणि पडताळा मुलानेच करायचा: या ओळीतले सगळ्यात चांगले अक्षर कोणते, आणि का? बाकी, राज्य मंडळाच्या परीक्षेत अध्ययन-अक्षमतेच्या दाखल्यावर जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, त्याची तजवीज शाळेने वेळेवर करावी. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही.

आता व्यायाम. त्याची मी एवढी हेटाळणी केल्यावर हा विषय पुस्तकात कशाला, असे कोणी विचारील. पण माझी तक्रार व्यायामावर नाही, त्याच्याकडून भलती अपेक्षा करण्यावर आहे. लंगडीत भिडू वाटताना शेवटी उरणारा मुलगा काही दिवसांनी खेळायला जाण्याचेच टाळतो. न खेळल्यामुळे दम कमी होतो, वजन वाढते, दम कमी म्हणून खेळ आणखी जमत नाही, आणि समन्वयाचा मूळ दोष आहे तेवढाच राहूनही शरीर दोन बाजूंनी मागे पडत जाते. या मुलांचा दमसास सवंगड्यांपेक्षा कमी आढळतो, हे कॅनडातील पाहण्यांत वारंवार दिसून आले आहे, आणि वय वाढले की आपोआप सुटेल ही समजूतही खरी नाही. फिनलंडमध्ये अशा मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा पंधराव्या वर्षीही त्यांच्यातील अनेकांची अडचण कायम होती. म्हणून व्यायाम हवाच, पण निवडून. समोरून येणारा चेंडू किंवा अंगावर येणारा गडी यांच्या वेळेशी आपली वेळ जुळवावी लागेल असे खेळ आरंभी नकोत. ज्यांत वेग आपल्या ताब्यात असतो असे प्रकार घ्यावेत. पोहणे उत्तम, मात्र शिकवणारा घाई न करणारा असावा. टेकडी चढणे तर फारच चांगले: पुण्याच्या मुलाला सिंहगड चढताना वाटेतला प्रत्येक दगड निराळा असतो, पाय दर वेळी नव्याने टाकावा लागतो, आणि मागे पडला म्हणून कोणी बाद करीत नाही. लगोरी पुढे घेता येते, कारण फेकणाऱ्याला आपल्या सवडीने नेम धरता येतो; लंगडी आणि खोखो सर्वांत शेवटी.

मदत कोणाकडे मागावी हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने महाराष्ट्रीय झालेल्या या बाईंनी जे शास्त्र येथे आणले त्याचा विषयच मुळी माणसाची रोजची कामे हा आहे, तेव्हा या मुलांचा पहिला सल्लागार व्यवसायोपचारतज्ज्ञ असावा हे ओघानेच आले. त्याला भेटल्यावर पहिला प्रश्न असा करावा: तीन महिन्यांनी माझ्या मुलाला कोणते काम करता येईल? ज्याच्या उत्तरात एखाद्या कामाचे नाव येणार नाही, त्याच्याकडे पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या ठिकाणी चौकशी करावी.

राहता राहिली ती मुले, ज्यांच्यासाठी हे पुस्तक नाही. समन्वयाची अडचण असलेले मूल हळू शिकते, पण शिकलेले सहसा गमावत नाही. सबब पूर्वी जिना चढणारे मूल आता चढेनासे झाले असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभे राहत असेल, त्याच्या पोटऱ्या वाजवीपेक्षा फुगीर दिसत असतील, एकाच बाजूचा हात किंवा पाय मागे पडत असेल, किंवा अवघडलेपणा काही आठवड्यांतच नव्याने उद्भवलेला असेल, तर यातला कोणताही पाठ सुरू न करता त्याला प्रथम बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. स्नायूंच्या काही विकारांत जादा श्रमाच्या व्यायामाने अपाय होण्याचा संभव असतो, आणि तेथे 'आधी महिनाभर करून पाहू' ही तडजोड चालणार नाही.